आखूड बोटाचा बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना बिल्ला आहे. जुना म्हणजे फार तर चार वर्षांचा. पण मोबाइलच्या जगात चार वर्षं म्हणजे म्हातारपणच. मला पिन नाही, रिबन नाही, सदऱ्यावर लावायला मी मिळणार नाही. मी फोनच्या पडद्यावर, माणसाच्या नावाशेजारी बसतो. नखाएवढा पितळी रंगाचा पंजा आणि त्याच्या मधोमध एक चक्र, एवढंच माझं रूप. नीट बघितलंत तर माझं अंगठ्याजवळचं बोट जरा आखूड आहे. त्यावरून मला पुष्कळ हसले लोक. ‘चित्र काढणाऱ्याला पाच बोटंही धड जमली नाहीत’ असं एकाने जाहीर लिहिलं होतं. मी गप्प बसलो. आम्हा बिल्ल्यांना दुसरं काही येतही नाही.

माझा जन्म धुळ्याचा, पांझरेपलीकडच्या देवपुरातला. एप्रिलची दुपार होती. तहरीम नावाची कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारी मुलगी कूलरसमोर पाय दुमडून बसली होती आणि तिच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर मी ठिपक्याठिपक्याने तयार होत होतो. तिच्याजवळ एक जुना फोटो होता. त्यात एका माणसाने कूलरचा पंखा उजव्या हाताने वर उचलून धरला होता. त्या हाताच्या कडेवरून तहरीमने मला गिरवून काढलं. बोट आखूड आहे ते त्यामुळे. फोटोतल्या माणसाचं पहिलं बोट तरुणपणी एका चालू पंख्यात गेलं होतं.

तो माणूस म्हणजे तिचे अब्बा, फारुखभाई. त्यांचं कूलर, मिक्सर, पंखे दुरुस्तीचं दुकान होतं. उन्हाळ्यात त्यांना जेवायला फुरसत नसायची, कारण खानदेशात मे महिन्यात कूलर बंद पडला की घरात कुणाला बसवत नाही. पण माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय हळूहळू सुधारला. उजवा हात मात्र पडला तो पडलाच. दुकान बंद झालं. फारुखभाई खाटेवर बसून स्वतःच्याच हाताकडे बघत राहायचे, जणू तो कुणी दुरुस्तीला आणून टाकला आहे आणि नेमका बिघाड त्यांना सापडत नाही.

शेजारपाजारचे लोक तरीही विचारायला यायचे. मिक्सर गरम होतो, कूलर गुरगुरतो. अशा वेळी फारुखभाई ताठ बसून सांगायचे, ‘आधी झाकण काढ. आता बघ, काळी वायर कुठे जाते?’ तहरीमने ते ताठ बसणं पाहिलं आणि ‘दुरुस्ती कट्टा’ सुरू केला. कुणीही आपल्या बिघडलेल्या वस्तूबद्दल विचारावं, ज्याला ठाऊक असेल त्याने सांगावं, असा तो मोबाइलवरचा कट्टा.

पहिले दोन महिने कट्ट्यावर कुत्रं फिरकेना. जे फिरकले ते प्रश्न विचारून उत्तर घेऊन पसार झाले. उत्तर देणाऱ्याला कळायचंही नाही की वस्तू चालू झाली की भंगारात गेली. तहरीमची भावंडं फोनवर खेळ खेळायची आणि एका चांदणीसाठी जेवण विसरायची. ते पाहून तिने कट्ट्यावरही बिल्ले आणले. पहिल्या उत्तराला एक, दहाव्याला एक. सगळ्यांत मोठा मी. माझं नाव ‘हातगुण’. ज्याच्या उत्तरांवर मिळून पन्नास वेगवेगळ्या लोकांनी ‘चालू झालं’ हे बटण दाबलं, त्यालाच मी मिळायचो.

आणि काय सांगू, कट्टा भरून गेला! जळगाव, भुसावळ, नशिराबाद, कुठून कुठून माणसं आली. माझ्यासाठी लोक झुरायला लागले, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. मला पहिल्यांदा पटकावलं ते तोताराम नावाच्या गृहस्थाने. प्रश्न कोणताही असो, तोतारामांचं उत्तर ठरलेलं: ‘वायर चेक करा.’ इस्त्री तापत नाही? वायर चेक करा. शिलाई मशीन टाके सोडतं? वायर चेक करा. त्या मशीनला वायरच नव्हती. पण तोतारामांचा मित्रपरिवार दांडगा होता आणि त्या सगळ्यांनी मिळून बटण दाबलं. मी त्यांच्या नावाशेजारी जाऊन बसलो. मला लाज वाटली, पण बिल्ल्याला उठून जाता येत नाही.

फारुखभाईंची रीत अगदी निराळी. ते डाव्या हाताच्या एका बोटाने लिहायचे. एका उत्तराला तास लागायचा. शेवटी माफीही मागायचे, ‘उजवा हात चालत नाही, डाव्याने लिहितो, उशिराबद्दल माफ करा.’ जे येत नसेल तिथे साफ लिहायचे, ‘हे माझं काम नाही, अमक्याला विचारा.’ त्याला कुणी ‘चालू झालं’ दाबत नसे. आणि बरोबर दोन दिवसांनी ते विचारणाऱ्याला पुन्हा निरोप टाकायचे, ‘चालू आहे ना?’ दुकान होतं तेव्हापासूनची त्यांची ती सवय. फार वर्षांपूर्वी एक कूलर दुरुस्त करून दिल्यावर विचारायचं राहून गेलं, आणि त्या घरातल्या आजोबांना करंट लागला. आजोबा वाचले, पण फारुखभाईंनी पुढे एकही वस्तू दोन दिवसांनी विचारल्यावाचून सोडली नाही.

तर अशा रीतीने वागणाऱ्या माणसाचा आकडा कासवासारखाच चालणार. तीन वर्षांनी तो एकोणपन्नासावर आला आणि तिथेच अडला. एक आठवडा गेला, तीन गेले. फारुखभाई रोज सकाळी फोन उघडायचे, एकोणपन्नास बघायचे आणि फोन उलटा ठेवायचे. ‘हात गेला तसा हातगुणही गेला बहुतेक,’ असं एकदा ते अमिनाबींना, म्हणजे तहरीमच्या आईला, म्हणाले. हसत म्हणाले, पण त्या हसल्या नाहीत. मी तेव्हा दोनशे तेरा लोकांच्या नावाशेजारी होतो, आणि ज्याच्या हातावरून मी काढला गेलो, फक्त त्याच्याकडे मला जाता येत नव्हतं. माझा जीव तुटायचा.

तहरीमचाही तुटत होता. म्हणून तिने एक चूक केली. ‘वरणगावची ताई’ असं खोटं नाव घेऊन तिने कट्ट्यावर प्रश्न टाकला: कूलरला हात लावला की मुंग्या येतात, काय करू? अब्बांचा हातखंडा विषय तिने मुद्दाम निवडला. फारुखभाईंनी दीड तास लिहिलं. आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करू नका, प्लगच काढा. पाण्यात हात घालू नका. पायात रबरी चप्पल घाला. पंपाची वायर कुठे सोलली आहे का बघा. संध्याकाळी वरणगावच्या ताईने ‘चालू झालं’ दाबलं आणि मी फारुखभाईंच्या नावाशेजारी जाऊन बसलो.

अमिनाबींनी गोड शेवया केल्या. फारुखभाईंनी फोन डोळ्यांजवळ नेऊन मला पाहिलं, मग लांब धरून पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. आणि मित्रांनो, इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो क्षण आला, तरी मला त्यांच्याकडे सरळ बघवेना. मी कसा आलो ते मला माहीत होतं.

दोन दिवसांनी फारुखभाईंनी त्यांच्या रीतीप्रमाणे निरोप टाकला. ‘ताई, चालू आहे ना? पुन्हा मुंग्या येत नाहीत ना?’ उत्तर आलं नाही. तहरीमने ते खोटं नाव पुन्हा उघडलंच नव्हतं. तिच्या लेखी काम झालं होतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा निरोप गेला. चौथ्या दिवशी दोन. पाचव्या दिवशी फारुखभाईंनी ताटावरून हात मागे घेतला.

‘काय झालं?’ अमिनाबींनी विचारलं.

‘ती बाई बोलत नाही. प्लग न काढता पाण्यात हात घातला असेल तर? काढा म्हणून मी लिहिलं होतं तसं. पण मी काय, डोळ्यांनी पाहिलं थोडंच?’

सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी पांढरा सदरा मागितला. धुळ्याहून जळगाव, तिथून भुसावळ, मग वरणगाव. दोन बस बदलून जायचं आणि गल्लोगल्ली विचारायचं, मुंग्या येणारा कूलर कुणाच्या घरी आहे, असा त्यांचा बेत होता. बाहेर ऊन तापायला लागलं होतं. अमिनाबी सदऱ्याची बटणं लावून देत होत्या. फोन टेबलावर चार्जिंगला होता, म्हणून हे सगळं मी पाहत होतो. तहरीम दारात उभी राहिली.

‘अब्बा, जाऊ नका. ती बाई नाहीच आहे.’

‘नाही म्हणजे?’ फारुखभाईंचा चेहरा पांढरा पडला.

‘म्हणजे... ती मीच आहे, अब्बा. मीच विचारलं, मीच बटण दाबलं. तुम्हाला तो बिल्ला मिळावा म्हणून.’

फारुखभाई खाटेवर बसले. मला वाटलं, आता ओरडतील. तहरीमलाही तसंच वाटलं असणार, कारण तिने डोळे मिटून घेतले होते.

‘म्हणजे कुणाला करंट नाही लागला?’

‘नाही, अब्बा.’

‘नक्की? कुण्णालाच नाही?’

‘कुणालाच नाही.’

‘अल्लाहचा शुकर!’ असं म्हणून त्यांनी डाव्या हाताने तोंड पुसलं. मग म्हणाले, ‘चार दिवस माझा जीव टांगणीला लागला होता, बेटा. असं कुणाशी करू नये. आता तो बिल्ला काढून टाक.’

तहरीम रडत रडत लॅपटॉपजवळ गेली आणि तिने मला काढलं. आकडा पुन्हा एकोणपन्नासावर आला. खरं सांगू? काढताना मला हलकं वाटलं.

त्याच आठवड्यात तहरीमने कट्ट्याचा नियम बदलला. आता ‘चालू झालं’ हे बटण उत्तर मिळाल्यावर दोन दिवसांनीच दिसतं, आणि उत्तर देणाऱ्याने ‘चालू आहे ना?’ विचारलं असेल तरच. ‘हे माझं काम नाही, त्यांना विचारा’ असं लिहिणाऱ्यालाही आता एक छोटा बिल्ला आहे. पुष्कळ लोक कुरकुरले, काही सोडूनही गेले. तोताराम मात्र राहिले. मागच्या महिन्यात त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, ‘मला माहीत नाही, फारुखभाईंना विचारा.’ मी त्यांच्या नावाशेजारीच होतो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला तिथे बसायला बरं वाटलं.

फारुखभाईंनी आणखी एक केलं. ज्यांनी त्यांच्या निरोपाला कधी उत्तरच दिलं नव्हतं अशा जुन्या लोकांना त्यांनी एकेक करून पुन्हा निरोप टाकले. ‘चालू आहे ना?’ दोन महिन्यांपूर्वीचे, वर्षापूर्वीचेसुद्धा. डाव्या हाताच्या एका बोटाने. बरेच निरोप वाऱ्यावर गेले. मग एका दुपारी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावाहून आवाज आला. लिहिलेला नव्हे, बोललेला. सुगंधाबाई नावाच्या बाईंचा. त्यांचा टेबलफॅन नुसता गुणगुणायचा, फिरायचा नाही. मागच्या उन्हाळ्यात नात सोनल हिच्या मदतीने त्यांनी आपल्या फोनवरून विचारलं होतं, आणि फारुखभाईंनी सांगितलं होतं की दांडा ज्यात फिरतो ते बुश सुकलं आहे, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा.

आवाज असा होता: ‘भाऊ, पंखा तव्हयपासून फिरी ऱ्हायना, मस्त शे! ते बटन काय दाबानं माले समजनं नही. सोनल सासरले गयी. भाऊ, तुम्ही लिखेल व्हतं, डावा हातघाई लिखस म्हने. तुमना तो हात आते कसा शे? चालू व्हयना का?’

अहिराणीत त्या सांगत होत्या की पंखा तेव्हापासून मस्त फिरतोय, आणि विचारत होत्या, तुमचा हात आता चालू झाला का? फारुखभाईंनी ते तीनदा ऐकलं. तीन वर्षांत त्यांनी शेकडो लोकांना ‘चालू आहे ना?’ विचारलं होतं. त्यांना कुणी विचारलं ते पहिल्यांदाच. त्यांनी उजवा हात डाव्या हाताने उचलून टेबलावर ठेवला, फोनपाशी तोंड नेलं आणि म्हणाले, ‘बहेन, अजून चालू नाही झाला. पण एक बोट थोडं हलतंय.’

‘अब्बा, हा पन्नासावा धरू?’ तहरीमने हळूच विचारलं.

‘नको. त्यांनाच दाबू दे. सावकाश शिकव त्यांना.’

अकरा दिवस लागले. गावात रेंज धड नव्हती, आणि बटण दाखवायलाही कुणी नव्हतं. सोनल माहेरी आली तेव्हा दोघी बाजाराच्या दिवशी रेंज असलेल्या मोठ्या गावी गेल्या आणि सुगंधाबाईंनी स्वतःच्या बोटाने बटण दाबलं. मी दुसऱ्यांदा फारुखभाईंकडे गेलो. या वेळी त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला तेव्हा मी सरळ त्यांच्याकडे बघितलं. ते बघत राहिले. मग त्यांनी टेबलावरच्या आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं.

‘तहरीम,’ ते म्हणाले, ‘हे तर माझं बोट आहे.’

‘हो, अब्बा. पहिल्यापासून तुमचंच आहे.’

मित्रांनो, आज मी पुष्कळांच्या नावाशेजारी बसतो आणि उद्या माझ्याहून देखणे बिल्ले येतील. मला त्याचं वाईट वाटणार नाही. माझं एवढंच मागणं आहे. तुमचं अडलेलं काम कुणी सोडवलं तर ते बटण दाबा, आळस करू नका. पलीकडे कुणीतरी रोज सकाळी फोन उघडून वाट बघतं. आणि दाबून झालं की लगेच पसार होऊ नका. क्षणभर थांबा आणि त्यालाही विचारा, हात कसा आहे?