हिमांशूची जागा

नूतन बिसेनचा वार्षिक पाठ अकराला होता. डी.एड.च्या दोन वर्षांत सराव पाठ तिनं चाळीस घेतले होते. पण हा शेवटचा, बाहेरच्या परीक्षकासमोरचा. यात नापास झाली तर तिचा बाप चैतराम तिला पुन्हा परीक्षेला बसू देणार नव्हता. आमगावचा नवरदेव पाहून ठेवलाय, हे त्यानं सकाळी एसटीत बसवून देताना परत ऐकवलं होतं.

आणि परीक्षक कोण, तर अकोल्याचे गोवर्धनसर. त्यांच्याविषयी जे ऐकू यायचं ते खरंच असणार, कारण सांगणाऱ्या प्रत्येकानं ते दुसऱ्याकडून ऐकलेलं होतं. खडूच्या आवाजावरून ते तीन वर्ग पलीकडून शुद्धलेखन तपासत. देवरीकडे एक पोरगी त्यांना पाहून चक्कर येऊन पडली, तर त्यांनी शेरा मारला, 'पडताना वर्गाकडे पाठ.' फुलचूरला त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा रोखून पाहिलं. ते पाच मिनिटं पुढं होतं, आपणहून मागं आलं.

"काऊन भिऊन राहिली?" मैत्रीण रुचि म्हणाली. "पोरं तय्यार आहेत ना?"

पोरं तयार होती. चौथीच्या तीस जणांना 'आपला तलाव' हा पाठ नूतननं गुपचूप आठ वेळा शिकवून ठेवला होता. सगळेच ठेवत. एका पोराला एकच उत्तर, आणि ते त्याच्या जागेला बांधलेलं. दुसऱ्या रांगेतला तिसरा हिमांशू, त्याच्याकडे शिंगाडा. हा नकाशा तिनं इतका घोकला होता की पोरांचे चेहरे बघायची गरजच नव्हती.

नेमकी त्या दिवशी हिमांशूला गालफुगी झाली, आणि तिला ते कोणी सांगितलं नाही. गोवर्धनसरांनी मांडलेली खुर्ची नको म्हटली. फळा पोरांच्या उंचीवरून कसा दिसतो ते बघायचं म्हणून ते दुसऱ्या रांगेतल्या रिकाम्या जागी, टाटपट्टीवर मांडी घालून बसले. नूतन तेव्हा फळ्यावर तारीख लिहीत होती. वळली ती नजर पंख्याला लावूनच.

धानाचं पाणी, मासे, गुरं, सगळी उत्तरं खणखणीत आली.

"शिंगाडा वेलाला कुठं लागतो? हिमांशू, ऊठ."

कोणी उठेना.

"ऊठ म्हटलं ना. झोप घरी नाही झाली का?"

टाटपट्टी खरखरली. कुणाचे तरी गुडघे कटकन वाजले. चौथीतल्या पोराचे गुडघे वाजत नाहीत, हे ध्यानात आलं तेव्हा तिनं डोळे खाली आणले.

सर उभे होते, हाताची घडी घालून. तिच्या कानात भातगिरणी सुरू झाली.

"मुळाला," सर म्हणाले. "चिखलात."

तिला पाय धरायचे होते. पण आठ वेळा घोटलेल्या जिभेला माफी येतच नव्हती.

"चूक," जीभ म्हणाली.

पहिल्या रांगेतली हर्षिता खुदकन हसली. "मुळाले कायले लागन जी!"

आता मागं फिरता येणार नव्हतं. साधन म्हणून आणलेली बादली नूतननं पायानं पुढं सरकवली. बादलीत तलावातला अख्खा वेल तरंगत होता. हात घालून बघा, असं ती पुटपुटली. सर वाकले. बाही वर करायचं विसरून त्यांनी पान उलटलं. खाली देठाला दोन हिरवे शिंगाडे लोंबत होते. त्यांचा एक काटा सरांच्या बोटाला लागला तरी ते बघतच राहिले.

"पानाखाली," ते हळूच म्हणाले.

"बस," नूतन म्हणाली, आणि मग, फार उशिरा, "बसा."

पुढचं तिला आठवत नाही. पाठ संपल्यावर ती व्हरांड्यात खांबाला धरून उभी होती आणि आमगावला तलाव असेल का, याचा विचार करत होती. सर गुणपत्रक टेबलावर ठेवून चहाला गेले. तिला ते बघवेना. रुचिनंच पळत जाऊन वाचलं आणि गोंधळून परत आली.

नवीन काही शिकलेले विद्यार्थी, या रकान्यात सरांनी लिहिलं होतं, 'तीसपैकी एक.' त्याखाली पाठाचा निकाल होता, ओल्या बाहीनं जरा पसरलेला: उत्तीर्ण.