चंपा कॉलेज

व्हाइटफील्डच्या पुढे, जिथे बस रिकामी होत जाते, तिथे केदारगिरी तंत्रशिक्षण महाविद्यालय उघडलं तेव्हा त्याला ना फाटक होतं ना पाटी. समोर होती ती फक्त चंपाअक्काची खानावळ. पहिल्या तुकडीतली कस्तुरी चिकोडीहून आलेली. कॉलेजचं ते लांबलचक नाव कंडक्टरच्या गळी उतरवता उतरवता ती रोज टेकीला यायची, म्हणून एक दिवस तिने सरळ "चंपाअक्काकडे" असं सांगून तिकीट काढलं. बाकीच्या पोरींनी तेच उचललं. महिनाभरात कंडक्टर दारातून कानडीत घाई करत ओरडायला लागले, "चंपा कॉलेज, बेगा बेगा!"

चंपाअक्का मूळची निपाणीची. नवरा गेल्यावर खानावळ एकटीने चालवणारी. आपलं नाव असं पुकारलेलं पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा हातातला झारा घेऊन ती तशीच रस्त्यावर आली होती. तेव्हापासून दर वर्षी कॉलेज उघडायच्या दिवशी ती थांब्यावर ताट घेऊन उभी राहायची, आणि येणाऱ्या प्रत्येक बसच्या कंडक्टरला एक बेसनाचा लाडू ठरलेला.

वीस-बावीस वर्षांत कॉलेजचं विद्यापीठ झालं आणि कस्तुरी त्याची जनसंपर्क अधिकारी. मोठ्या विद्यापीठांना कशी आद्याक्षरं असतात, तशी आपल्यालाही हवीत, असं कुलगुरूंच्या मनाने घेतलं. सल्लागार नेमले. त्यांनी चार महिने डोकं खाजवून तीन अक्षरं काढली: केजीयू. इकडे एका पोरीने घाईघाईत तिकीट काढताना घेतलेलं नाव आख्ख्या रस्त्याच्या तोंडी बसलं होतं, हे त्या शहाण्यांना कोण सांगणार?

सांगायला कस्तुरी होती की. बैठकीत पडद्यावर नकाशा लागला. त्यावर बसथांब्याचं नाव होतं, चंपा कॉलेज. खोलीत हशा पिकला.

"ही चंपा कोण? आणि हे नाव आलं कुठून?" कुलगुरूंनी विचारलं.

सगळे कस्तुरीकडे बघायला लागले, कारण पहिल्या तुकडीतली तिथे ती एकटीच होती. उत्तर अगदी जिभेवर होतं. पण शेजारचा सल्लागार अजून हसत होता, आणि खानावळवाल्या बाईच्या नावाने आपणच कॉलेजचं बारसं केलं, हे त्या काचेच्या खोलीत सांगायची तिला लाज वाटली. होय, लाजच. दुसरं काही म्हणण्यात अर्थ नाही.

"माहीत नाही, सर," ती म्हणाली. "पाडलं असेल कुणीतरी."

थांब्याचं नाव बदलण्याचं विनंतीपत्र मग तिच्याच सहीने गेलं.

नवं सत्र सुरू झालं त्या सकाळी कस्तुरी फाटकाबाहेर आली. थांब्यावर चंपाअक्का ताट घेऊन उभी होती. बस आली ती दारं बंद असलेली, नव्या पद्धतीची. आतून ध्वनिमुद्रित कानडी आवाजाने थांबा पुकारला, "निल्दाण, केजीयू." पोरं उतरली, दारं मिटली, बस गेली. तिच्यावर कंडक्टर नव्हताच. ताटातले लाडू होते तेवढेच राहिले.

"ये गं कस्तुरी," चंपाअक्का म्हणाली. "घे, तू तरी खा. माझं नाव काढलं म्हणं हितनं. हापिसातनंच पत्र गेलं म्हणं."

"अक्का, ते पत्र..." कस्तुरीने सुरुवात केली. आज सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच ती आली होती.

"राहू दे. मला काय कळत न्हाई व्हय?" अक्काने तिच्या हातावर लाडू ठेवला. "तूच ठिवलेलं नाव ते. मिटिंगला तू हुतीस न्हवं? भांडली असशील माझ्यासाठी. पर एकट्या बाईचं कोण ऐकतंय तिथं? तू वाईट वाटून घिऊ नको."

अक्काचे डोळे भरले होते आणि तरी ती कस्तुरीचीच समजूत काढत होती. खरं बोलायला एवढी चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती.

"भांडलीस न्हवं?" अक्काने पुन्हा विचारलं.

कस्तुरीने मान हलवली, हो म्हणून, आणि लाडू खाल्ला.