टाक्यातली कालवड

मी त्या बंगल्यावर टाईपरायटरसाठी लागलो होतो, टाक्यासाठी नाई. हे पहिले सांगून देतो, कारण नंतर ही गोष्ट सगळेच विसरले. मी बी विसरलो.

बंगला धानोऱ्याच्या बाहेर. गुणवंतराव म्हणजे बांबू-लाकडाचे मोठे ठेकेदार. त्यायची दोन पोरं नागपूरले शिकत. सुट्टीत येतील तं पोहतील म्हणून चौऱ्यांशी साली त्यायनं बंगल्यामागं स्विमिंग पूल बांधला. आत निळ्या गुळगुळीत फरश्या, एका कोपऱ्यात लोखंडी शिडी. पोरं दोन वर्षांत दोनदा आले. गावात त्याले स्विमिंग पूल कोणी म्हणे नाई. टाकं म्हणत.

टाक्यामागं काटेरी तार, अन् तारेले लागूनच जंगल. उन्हाळ्यात नाला आटला का तहानलेलं जनावर तारेखालून ये, पाण्यावर वाके अन् आत घसरे. फरशीवर नखं टिकत नाई. बेडकं, दिवड, मुंगूस. एकदा घोरपड. एकदा सायाळ, तिनं तं सगळ्यायले तासभर नाचवलं.

हे काढायचं काम चौकीदाराचं, कोलूभाऊचं. कोलूभाऊ गोंड माणूस, कंपाउंडच्या टोकाले त्याची झोपडी. पण एक दिवस तो नसताना मी एक मुंगूस टोपल्यानं काढलं, ते मालकीणबाईनं पाह्यलं. इंदुताई म्हणे, "हरिदास, तुझा हात चांगला आहे रे. आता तूच बघत जा."

खरं सांगतो, मले बरं वाटलं.

मग मी डोकं चालवलं. कोलूभाऊकडून बांबूची एक लांब ताटी विणून घेतली अन् लोखंडी शिडीले बांधून पाण्यात तिरपी सोडली. त्या दिवसापासून बेडकं, मुंगसं आपली आपणच वर येत. मी बंगल्यातल्या ऑफिसाच्या खिडकीतून पाहो अन् इकडे मशीनवर बोटं चालवो. टायपिंग मले कोणी शिकवलं नाई. तहसीलीबाहेर अर्ज टाईप करणारा एक जण बसे, त्याच्या मागं उभा राहून शिकलो. दोनच बोटं, पण चूक नाई. आमच्या घरात खुर्चीवर बसून काम करणारा मी पहिला.

घरी मी सायाळीची गोष्ट सांगतली तवा बाबा पोट धरून हासले. मग एकदम थांबले.

"अन् मेलेलं निघालं तं?"

"ते कोलूभाऊ काढते."

"हं," बाबा म्हणे.

बाबा, म्हणजे लहानू, छप्पन साली बावीस वर्षाचे होते. नागपूरले दीक्षा घेऊन आले तेव्हा आमच्या घरी खुंटीले एक दोर राहे. गावात कोणाचा बैल मेला का आज्याले निरोप ये, अन् आजा तो दोर घेऊन मेलेलं ढोर ओढाले जाये. बाबानं तो दोर नदीत फेकला. पुढच्याच महिन्यात पाटलाचा बैल मेला अन् आमच्या मोहल्ल्यातून कोणी गेलं नाई. मग विहीर बंद, धान कापाले बोलावणं बंद. माय म्हणते, दोन महिने मोहफुलं उकडून खाल्ली. बाबा हे कधी सांगत नाई. ते फक्त "हं" म्हणतात.

शहाऐंशीच्या मे महिन्यात नागपूरचे पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी इंदुताईनं मले बोलावलं.

"ती ताटी काढून टाक. गोठ्यासारखं दिसतं."

"बाई, काही पडलं तं वर कसं येईल?"

"एक दिवस काय पडणार आहे?"

मी ताटी सोडली अन् गॅरेजमागं नेऊन ठेवली. वाद घातला नाई.

दुसऱ्या दिवशी साडेसातले सायकलवर पोचलो तं मागच्या व्हरांड्यात भैयाजी उभे. भैयाजी म्हणजे गुणवंतरावचे दिवाणजी, सगळा कारभार त्यायच्या हाती. आज त्यायच्या हातात दोर होता.

"टाक्यात वासरू मेलं," ते म्हणे. "दहाले पाहुणे येऊन राह्यले. ओढ ते बाहेर."

टाकं तिथून तीस पावलं. शिडीच्या कोपऱ्यात तांबडी पाठ दिसत होती, अन् शिडीच्या पायरीवर टेकलेलं तोंड. हालचाल काही नाई.

"कोलूभाऊ कुठी आहे?"

"जीपमध्ये गेला बर्फ आणाले. तो येईपर्यंत काय पाहुण्यायले वास देऊ? धर."

"भैयाजी, मी टायपिस्ट आहो."

"टायपिस्ट दुपारी. बेडकं काढत होता तवा नोहता का बे टायपिस्ट?"

"ते जिवंत राहतात."

"वा. जित्याले हात लागते, मेल्याले लागत नाई? तुह्या आज्यानं जलमभर काय केलं?"

"त्यानं केलं म्हणूनच मी करत नाई."

"लय शिकला," भैयाजी म्हणे. "मंग सायबाले सांगू, का टायपिस्ट नाई म्हणते?"

"सांगा."

बोलून झाल्यावर छाती भरून आली, ते बी खोटं नाई. वाटलं, बाबा पाह्यजे होते इथी.

भैयाजीनं दोर माह्यासमोर टाकला. मी उचलला नाई. तेही टाक्याकडे गेले नाई, मेलेल्या जनावराजवळ गेले तं पुन्हा आंघोळ. अन् मी गेलो नाई, कारण मले वाटलं, एक पाऊल बी टाकलं तं तो दोर धरल्यासारखंच होईल. आम्ही दोघं उभे राह्यलो. भैयाजी मधूनमधून एखादा टोमणा मारत. मी खांबाकडे पाहत.

इंदुताईनं खिडकीतून विचारलं, "झालं का हो भैयाजी?"

"हा नाई म्हणून राह्यला बाई."

"मग दुसरं कोणी बघा ना."

"दुसरं कोण हे काम करते बाई?"

ऑफिसातल्या घड्याळात आठ वाजले, ते मले ऐकू आले.

थोड्या वेळानं जीप आली. कोलूभाऊ बर्फाचं पोतं खांद्यावर घेऊन मागं आला अन् तिथूनच त्यानं ती पाठ पाह्यली. पोतं खाली ठेवलं. सरळ चालत गेला अन् कपड्यासहित पाण्यात उतरला.

"माही टिकली हाये," तो म्हणे. त्याची कालवड. काल संध्याकाळपासून घरी आली नव्हती. रात्री तो तिले नाल्याकडे पाहून आला होता.

मग त्यानं तिच्या नाकासमोर हात धरला.

"जिती हाये हे."

मी पळालो. ते तीस पावलं मले अजून मोजता येतात. उडी मारली. पाणी माह्या छातीएवढं. टिकलीचा कान गार होता, पण नाकातून बारीक बुडबुडे निघत होते. पायरीवर तोंड टेकवून तिनं रात्र काढली होती. आम्ही दोघायनं खालून रेटलं. वर्षाची कालवड, अंग भिजून जड झालेलं. फरशीवर आमचेच पाय घसरत. वर चढवाले काही नव्हतं.

"ताटी," मी ओरडलो. "गॅरेजमागं आहे."

भैयाजी धावले. धोतर सावरत, ताटी ओढत ते आले अन् त्यायनंच ती पाण्यात सोडली, हे सांगतलं पाह्यजे. आम्ही टिकलीले ताटीवर चढवलं. अर्ध्यावर तिनं एकदा पाय झाडले, मले वाटलं जमलं. मग मान माह्या खांद्यावर पडली. काठावर नेऊन ठेवली तवा डोळे उघडे होते. कोलूभाऊनं तिच्या बरगडीले कान लावला. मग हातानं तिचे डोळे मिटवले.

भैयाजीच्या हातातल्या घड्याळात आठ वाजून पंचवीस झाले होते.

"मले वाटलं मेली," भैयाजी म्हणे.

कोलूभाऊ उठला, व्हरांड्यात गेला अन् तो दोर उचलून आणला. आपल्या कालवडीच्या पायाले बांधाले लागला.

"दोर राहू दे कोलूभाऊ," मी म्हटलं. "उचलू."

त्यानं पुढचे पाय धरले, मी मागचे. तारेपलीकडे मोहाच्या झाडाखाली नेलं. खड्डा खणताना तो माह्याकडे न पाहता म्हणे, "तू कवापासून होता तिथी?"

"साडेसातपासून."

त्यानं फावडं थांबवलं. मग पुन्हा चालवलं.

घरी गेलो तं बाबा अंगणात मोहाच्या टोळ्या, म्हणजे तेलाच्या बिया, फोडत बसले होते. मी सगळं सांगतलं. वाटलं होतं, भैयाजीले नाई म्हटलं ते ऐकून त्यायले बरं वाटेल.

"दोर धरला?"

"नाई. उचललं. पुरलं."

"बरं केलं." त्यायनं दोन-चार टोळ्या फोडल्या. "जिती होती तवा काऊन नाई गेला?"

"मले वाटलं मेली."

"तुले वाटलं, का भैयाजीले वाटलं?"

मी बी एक टोळी फोडाले घेतली.

"मी दोर फेकला," बाबा म्हणे. "डोळे नव्हते फेकले. जाऊन पाहाले कोण मना केलं होतं?"

माय मधात पडली, "जाऊ द्या ना, पोरगं सकाळपासून जेवलं नाई." पण बाबा उठून आत गेले, अन् मी बी जेवलो नाई.

सोमवारी कामावर गेलो. पाहुणे गेले होते. भैयाजीनं एक चिठ्ठी समोर ठेवली, टाईप कराले. माह्याकडे पाह्यलं नाई. चिठ्ठीत होतं: 'चौकीदार कोलू याच्या हयगयीमुळे त्याची कालवड आवारात शिरून टाक्यात पडली व सकाळी मृतावस्थेत आढळली. सबब त्यास कामावरून कमी करण्यात येत आहे.'

मी कागद चढवला. 'कालवड'पर्यंत बोटं बरोबर चालली. मग थांबली. मी तो कागद काढला अन् दुसरा चढवला.

'चौकीदार कोलू याची कालवड टाक्यात पडली. तिला चढून येता आले नाही, कारण ताटी आदल्या दिवशी सांगण्यावरून मीच काढली होती. सकाळी साडेसात वाजता ती जिवंत होती. दिवाणजी भैयाजी व टायपिस्ट हरिदास तीस पावलांवर उभे होते. दोघांपैकी कोणीही जाऊन पाहिले नाही. आठ वाजून पंचवीस मिनिटांनी ती मेली.'

खाली माहं नाव टाईप केलं अन् कागद थेट गुणवंतरावच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यायनं दोनदा वाचला.

"खरं आहे हे?"

"हो."

"भैयाजी म्हणत होते मेलेली होती."

"आम्ही पाह्यलंच नाई साहेब."

त्यायनं चष्मा काढून ठेवला. "कोलू राहू दे," ते म्हणे. "पण सांगतलं एक अन् टाईप केलं दुसरंच, असा टायपिस्ट मले चालत नाई. उद्यापासून येऊ नको."

मी मशीनवर कापड टाकलं. सायकल मागं ठेवली होती म्हणून मागून निघालो. कोलूभाऊ टाक्याच्या कोपऱ्यात वाकून ताटी पुन्हा शिडीले बांधत होता. इंदुताईनंच सांगतलं असेल. त्याले आतलं काही माहीत नव्हतं, अन् मी सांगतलं नाई.

ताटीचं एक टोक पाण्यात सरकत होतं. मी बसलो अन् ते धरलं.

त्यानं एकदा माह्या हाताकडे पाह्यलं. मग ते टोक माह्या हातून काढून घेतलं, अन् स्वतःच बांधलं.