काळ्या रंगाखालची हिरवी मोटार

मी मानवतच्या व्यंकटरावांची मोटार बोलतेय. माझ्या रंगावर विश्वास ठेवू नका. मी स्वतः आता कुणावरच ठेवत नाही.

मूळची मी हिरवी. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात निजामाच्या रझाकारांनी झरीच्या रामकिशनला बायकोदेखत उचललं, ते माझ्याच मागच्या सीटवर घालून. चालवणाऱ्याने तोंडाला फडकं बांधलं होतं. पण स्टिअरिंगवरचे हात मी रोज ओळखत होते. ते मालकाचे होते.

पोलीस ॲक्शननंतर मला शेतावर कडब्याच्या गंजीत दडवलं. "माझी मोटार रझाकारांनी पळवली, मीही सोसलं," असं मालक चार लोकांत सांगू लागले. लोक हळहळले.

तीन वर्षांनी निवडणूक आली. मालकांना उभं राहायचं होतं, फिरायला मोटार हवी होती. हैदराबादेहून नवी घेतली म्हणून सांगायचं ठरलं. त्यांनी मला स्वतःच्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात आणलं आणि फाटक लावून घेतलं. पाय धुवायलासुद्धा गडी लागणारा हा माणूस पॉलिश पेपर घेऊन माझं अंग घासू लागला, पोचे लांबीच्या लगद्याने भरू लागला. कारण मी लगेच ओळखलं. पेंटर बोलावला असता तर त्याने खालचा हिरवा पाहिला असता.

पण ऐन हंगामात जिनिंगशेजारी काळा रंग लावायची घाई नडली. वाऱ्यावरचा सगळा कापूस ओल्या रंगाला चिकटला. मी केसाळ रेडकासारखी दिसू लागले. चिडून त्यांनी दार पुन्हा खरवडलं, थेट हिरव्यापर्यंत.

तेवढ्यात आत कापूस निवडणारी पारूबाई ढिगाआडून आली. रामकिशनची बायको.

"मालक, सोत्ताच रंग द्यायलाव व्हय?"

"हौस हाय."

"लय हौस. वैजीनाथ पेंटर बसलाय की रिकामा."

मग तिला दार दिसलं.

"कुठं उतरवलं त्यान्ला?"

"रंग ओला हाय. हात लावू नको."

तिने अख्खा पंजा हिरव्यावर टेकवला. दुसऱ्या दिवसापासून तिला कामावर घेतलं नाही.

आता मी काळी कुळकुळीत आहे. माझ्यात बसून मालक गावोगाव मतं मागतात, आणि हार घालणारे पुष्कळ भेटतात. मी तुमच्या दारात थांबले तर माझं एक काम करा. रामकिशनला ताडकळसच्या अलीकडे, ओढ्याच्या उतारावर उतरवलं होतं. परत येताना मागची सीट रिकामी होती. एवढं पारूबाईला जाऊन सांगा.