ठिपक्यांचा कौल

ऑस्ट्रेलियातल्या आर्मिडेलच्या मेंढी-वंशावळ मंडळाचा डेटाबेस ग्लेनिस टोलहर्स्ट बावीस वर्षं सांभाळत होती. जुलैत तिला नवा सर्व्हर मिळाला आणि सोबत नवा साहेबही. लॅकलन प्रूएट. या माणसानं मेंढी कधी जवळून पाहिली नव्हती, पण मत मात्र सगळ्यावर तयार.

प्रश्न साधा होता. डेटाबेस ठेवायचा तर डिस्कवर फाइल सिस्टिम कुठली घालायची, म्हणजे माहिती मांडायची शिस्त कुठली?

"जुनीच घालू," ग्लेनिस म्हणाली. "कंटाळवाणी आहे, पण तिनं माझी झोप कधी मोडली नाही."

"तुझ्या हाती असतं तर आपण अजून दगडावर कोरत बसलो असतो," लॅकलन म्हणाला.

नवी फाइल सिस्टिम म्हणे क्षणात अख्ख्या डिस्कचं चित्र काढून ठेवायची. चुकलं तर कालच्या चित्रावर परत. ऐकायला गोडच. पण ती प्रत्येक बदल नव्या जागी लिहायची, आणि डेटाबेस तर दिवसभर तीच तीच पानं गिरवतो. चाचणीत ती रांगायला लागली. मग सिडनीत बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या सल्लागारानं एक सेटिंग बंद केलं: डिस्क 'लिहून झालं' म्हणेपर्यंत थांबायचं, ते. थांबणंच गेल्यावर काय, घोडं उधळलं.

"अरे, पण आता लिहायच्या आधीच 'लिहिलं' म्हणतंय ते," ग्लेनिस म्हणाली. "मध्येच वीज गेली तर?"

"बॅटरी आहे की," सल्लागार फोनवरून म्हणाला.

मंडळाची रीत अशी, की भांडायचं नाही. सकाळच्या चहाला फळ्यावर दोन रकाने आखायचे, प्रत्येकानं आपला हिरवा ठिपका पटेल तिथे चिकटवायचा. फाइल सिस्टिमचा निकालही असाच लागला. फोन घेणाऱ्या डॉनीननं नवी निवडली, कारण नाव छान होतं. लोकर तपासणाऱ्या बॅरीनं "हे कशाबद्दल आहे?" असं विचारून नवीवरच चिकटवला. अकरा ठिपके एका बाजूला झाले, आणि सगळे लॅमिंग्टन केक खात ग्लेनिसकडे बघायला लागले.

"चल गं, एकटीच कशाला तोंड वाकडं करून बसतेस?" डॉनीन म्हणाली.

ग्लेनिसला कसंनुसं झालं. एका ठिपक्यानं काय होतंय, असं म्हणत तिनं आपलाही नवीवर लावला. टाळ्या पडल्या. रोज डेटाबेसची प्रत दुसऱ्या गावी पाठवायची तिची पद्धतही त्याच झटक्यात बंद झाली. चित्रं असताना हवी कशाला?

ऑगस्टपासून कोकरं जन्मू लागली. मेंढपाळ कुरणातूनच मोबाइलवर नोंद करत: या क्रमांकाचं कोकरू, त्या क्रमांकाची आई. जानेवारीत वादळ झालं, वीज गेली. बॅटरीला कुणी शहाण्यानं कॉफीचं यंत्र जोडलं होतं. ती चार मिनिटांत गार पडली. डिस्क पुन्हा उघडलीच नाही, आणि चित्रं त्याच डिस्कवर होती. हाती उरली जुलैतली प्रत.

लॅकलननं पत्रक काढलं: निर्णय एकमतानं झाला होता. खाली फळ्याचा फोटो. मेंढपाळांना कळवायचं काम ग्लेनिसच्या गळ्यात पडलं, कारण तिचा त्यांच्याशी घरोबा.

पहिला फोन तिनं म्हाताऱ्या मर्व्ह हॅड्रिलला केला.

"पुन्हा नोंदवू म्हणतेस?" मर्व्ह म्हणाला. "अगं, कोकरं आयांपासून तोडून महिना झाला. सगळी एका कुरणात चरतायत. कोण कुणाचं, ते आता मेंढीलाही सांगता यायचं नाही."

"माहीत आहे मला."

"दुष्काळातनं सत्तर मेंढ्या वाचल्या माझ्या. त्यांचा वंश धरून ठेवायचा होता." मग म्हणाला, "तुला विचारलं होतं का त्यांनी?"

"विचारलं होतं."

"मग काय म्हणालीस?"

विरोध केला होता, हे काही खोटं नव्हतं. तेवढंच सांगून सुटता आलं असतं, आणि शब्द तिच्या ओठांवर आलेही होते.

"आधी नको म्हटलं," ग्लेनिस म्हणाली. "मग सगळे बघायला लागले, तेव्हा हो म्हटलं."

"बाकीच्यांना काय कळत होतं त्यातलं," मर्व्ह म्हणाला. "तुला कळत होतं."