पिशवीतला हात

मित्रांनो, पावसाळा आला की मला घाम फुटतो, कारण माझं लाकूड मिठागरातलं आहे आणि त्यात मुरलेलं मीठ ओल ओढतं. मी एक जुना, घरी केलेला इंग्रजी शब्दांचा खेळ आहे. चौकटी आखलेला पट, कापडी पिशवी आणि तिच्यात अक्षरांचे ठोकळे, एवढाच माझा संसार. पनवेलजवळ सुकापूरला तुळशीरामबाबांच्या घरी मी राहतो.

आधी मी खाडीचं पाणी अडवणारी फळी होतो. मिठागर बुजवून तिथे इमारती झाल्या, तेव्हा बाबांनी मला घरी आणलं. नातू हृतिक आणि नात दीपिका यांना असा खेळ हवा होता. "इकत कशाला? मी बनवतो," बाबा म्हणाले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. ते कळंबोलीला गेले आणि रांगेत उभ्या ट्रकांच्या नंबरपाट्यांवरून अक्षरं उतरवून घेऊन आले. जी दिसली ती, जितकी दिसली तितकी.

त्यामुळे माझ्यात एम आणि एच ढिगाने झाले. आय आणि ओ आलेच नाहीत, पाट्यांवर ती अक्षरं नसतातच.

"बाबा, हा खेळ हाय का आरटीओचं हापिस?" हृतिक पोट धरून हसला. बाबा हिरमुसले आणि पुन्हा करवत शोधू लागले. हृतिकने त्यांचा हात धरला. "र्‍हाऊ द्या. याच्यातनंच शब्द काढून दाखवतो." आणि त्याने काढले. हॅमर, मॅमल. एकदा रिदम लावला तेव्हा दीपिकाने त्याला चिमटा काढला. "असला शब्द नसतोच! चीटर!" मग डिक्शनरी उघडून तिलाच गप्प बसावं लागलं.

त्या दिवसांत माझं कौतुक फार होतं. पिशवीत हात घालून ठोकळे वाटायचं काम बाबांच्या बायकोचं, जनीआजीचं. ताटात वाढावं तशी ती प्रत्येकाला वाढायची. शाळा तिने पाहिली नव्हती. वाटता वाटता ती अक्षरं ओळखू लागली. अक्षरं तेवढी, शब्द नाहीत.

मग एका संध्याकाळी पळस्प्याला हृतिकच्या मोटरसायकलला अपघात झाला आणि तो घरी आला नाही.

बरेच महिने मी कपाटावर पडून होतो. पित्रांच्या पंधरवड्यात आजीने हृतिकच्या नावाचं पान वाढलं, आणि संध्याकाळी मलाही खाली काढलं. दीपिकाला ठोकळे वाढले. मग रिकाम्या जागेसमोर हृतिकचेही वाढले.

मित्रांनो, पिशवीत कोणाचा हात आहे हे मला आतून कळतं. त्या संध्याकाळी आजीचाच हात होता. पण तो अशा ठिकाणी थांबत होता, जिथे पूर्वी चोरून ठोकळा बदलताना हृतिकचा थांबायचा. याहून जास्त मला सांगता येणार नाही.

आजीने त्याची अक्षरं पटावर ओळीने मांडली. "बघ गो बाय, काय बोलला?"

तो शब्द नव्हताच. दीपिकाने आजीच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "थंडी वाजते, म्हणतो."

आजीने रिकाम्या जागी गोधडी ठेवली.

तेव्हापासून हे रोजचं झालं. भूक लागली म्हणतो. घर आठवतं म्हणतो. दीपिका अर्थ बनवायची आणि आजी त्याप्रमाणे करायची. तिन्हीसांजेला त्या जागेसमोरून जायला दीपिकाच घाबरू लागली.

पुढे तिला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, वसतिगृहही मिळालं. आजीने ऐकलं आणि पिशवी छातीशी धरली. "तू गेलीस तर त्याचं बोलणं मला कोन सांगंल?"

दीपिकाने बॅग भरायची थांबवली. आता जाणार नाही, असं तिने बाबांना सांगून टाकलं. बाबा पटाजवळ येऊन बसले.

त्या संध्याकाळी आजीने पुन्हा हृतिकची अक्षरं मांडली. सगळे एम आणि एच, मध्ये एक टी. "बोल गो. तू जावं का नको, त्यालाच इचारू."

मला वाटलं, आता ती म्हणेल, जा म्हणतो. सोपं होतं ते. तिचे ओठ हललेही.

"शब्द नाही झाला, आजी."

"नीट शोध."

"नाही होत. आधीचे पण नव्हते. सगळं मीच सांगत होते." आणि ती रडू लागली.

आजी तिच्यावर ओरडली नाही. तिने रिकाम्या जागेवरची गोधडी हाताने चाचपली. "आनि मी रोज गोधडी घालत व्हते," ती म्हणाली. मग बाबांकडे वळून, "शब्द नाय सुचला तर काय करतात हो?"

"पास म्हनायचं. मग दुसऱ्याची पाळी," बाबा म्हणाले.

आजी रिकाम्या जागेकडे वळली. "पास म्हन रं बाला. तुझी बहीन खोळंबलीय." तिने त्याचे ठोकळे एकेक करून पिशवीत टाकले आणि गोधडी झटकून दीपिकाच्या बॅगेत घातली.

दीपिका पुण्याला आहे. मी पुन्हा कपाटावर असतो. कधी कधी दुपारी आजी मला खाली काढते, पिशवीत हात घालते आणि बाहेर काही काढत नाही, नुसती चाचपत राहते. ती काय शोधते ते मला ठाऊक आहे. ते माझ्यात नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात आजीसारखं कोणी गेलेल्याला शोधत बसलेलं असेल. त्याच्यासमोर जाऊन बसा. खेळता आलं नाही तरी चालेल. हात पुढे करा, पिशवीतला तो हात तुम्हाला वाढेल.