अकराव्या जनावराचे टाके

अनुपमा रणदिवे शिरूरला खोली घेऊन राहिली ती दोन दोऱ्यांसाठी. जनावरांच्या शस्त्रक्रियेत तिचं पदव्युत्तर शिक्षण चालू होतं. आतड्याच्या ऑपरेशनमध्ये कोणत्या दोऱ्याचे टाके जास्त चांगले धरतात, हा प्रबंधाचा विषय होता. एक दोरा कॅटगटचा. तो जनावरांच्याच आतड्यापासून बनतो, जुन्या डॉक्टरांच्या हातात बसलेला आहे आणि पोटात लवकर विरघळतो. दुसरा सिंथेटिक, हळू विरघळणारा.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत दुभत्या गाई भरपूर. गावोगावचे डॉक्टर आतड्याची केस आली की तिला फोन करत. वीस जनावरं करायची होती, दहा एका दोऱ्याची, दहा दुसऱ्याची. कुणाला कोणता, हे तिच्या सरांनी आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं आणि वीस पाकिटांत बंद करून दिलं होतं. पाकीट ऑपरेशनच्या आधी फोडायचं आणि त्यात लिहिलेला दोरा वापरायचा, एवढाच नियम.

तिच्याबरोबर मच्छिंद्र असत. जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं ड्रेसर म्हणून काम करून ते निवृत्त झाले होते. ती त्यांना मामा म्हणायची. त्यांचं मत कॅटगटच्या बाजूचं होतं आणि ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

दहा जनावरं झाली. आठ जगली. दोन गेली ती मुळात उशिरा आली होती.

अकरावा फोन वरवंडहून आला. गिताबाईंची संकरित गाय, दुसऱ्या वेताची. तीन दिवस चारा सोडलेला, शेण बंद, शेणाच्या जागी रक्ताळलेली चिकट आव पडत होती. पहिल्या दिवशी गाय पोटावर लाथा मारत होती, आता नुसती उभी होती. अनुपमाने हात घालून तपासलं. आतड्यात आतडं शिरून घट्ट गोळा झाला होता.

"कापून काढावं लागेल ताई," ती म्हणाली. "खराब झालेला तुकडा काढायचा आणि दोन्ही टोकं जोडायची."

मग तिने पाकिटांचं सांगितलं. हे ती प्रत्येक मालकाला सांगत असे. संमतीच्या कागदावर सही घ्यायची असे.

गिताबाई पस्तिशीच्या होत्या. हातात कासरा धरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "दोन्हीतला चांगला कोणता?"

"तेच बघायचंय."

"म्हंजी आमच्या गाईवर बघायचं."

"दोन्ही दोरे सगळीकडं वापरतात. कुठलाच वाईट नाही."

"मंग बघायचं कशाला?"

अनुपमाने संमतीचा कागद पुढं केला. गिताबाईंचे सासरे सावळाराम ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "सही कर पोरी. गाय उभी हाय तवर करू दे त्यास्नी."

पाकिटात कॅटगट निघाला.

गाय उभीच ठेवून उजव्या भकाळीत, बरगड्यांमागच्या खोलगट भागात, भुलीची इंजेक्शनं दिली आणि पोट उघडलं. गोळा बाहेर घेतला. मधला भाग काळा पडला होता, त्यात शंका नव्हती. प्रश्न कडेचा होता. काळ्याच्या पुढं वीतभर आतडं जांभळट दिसत होतं. तेवढ्यात गाय पुढच्या पायांत डगमगली. ती खाली बसली असती तर उघड्या पोटासकट मातीत बसली असती. सावळाराम आणि एक शेजारी दोन बाजूंनी तिला रेटून उभे राहिले.

अनुपमाने काळा भाग आणि त्यापुढचं चार बोटं आतडं कापायला घेतलं.

"म्याडम, हितला रंग मला पटंना," मच्छिंद्र जांभळ्या भागाकडे बघत म्हणाले. "आजून घ्या की."

"दाब गेला की येईल रंग, मामा. गाय थांबणार नाही."

त्यांनी दोरा ओवलेली सुई पुढं केली. तिने टोकं जोडली, एकेक टाका जवळजवळ घेतला. हात स्थिर होता. पोट शिवून झाल्यावर गाय उभीच होती. सावळारामांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी गाईने शेण टाकलं. गिताबाईंनी त्याचा फोटो पाठवला. अनुपमाला त्या फोटोचा इतका आनंद झाला की तिने तो मच्छिंद्रांना दोनदा दाखवला. चौथ्या दिवशी ताप आला. ती सलाईन आणि इंजेक्शनं घेऊन धावत गेली, दुपारभर बसली. पाचव्या दिवशी सकाळी गाय मेली.

अनुपमा आणि मच्छिंद्र न्हावरा-चौफुल्यावरून वरवंडला पोहोचले तेव्हा गाय गोठ्यामागं बांधाला ओढून ठेवली होती.

"मला पोट उघडून बघायचंय," अनुपमा म्हणाली.

"आता फाडून काय कळणार?" सावळाराम म्हणाले.

"टाके सुटले का, ते कळेल आबा."

सावळाराम मान हलवत होते, पण गिताबाई म्हणाल्या, "बघू द्या. मला बी बघायचंय."

पोटात घाण पाणी साचलं होतं. अनुपमाने जोड शोधून काढला, आतडं दोन्हीकडून चिमटीत दाबून धरलं आणि मच्छिंद्रांनी सुईने आत पाणी सोडलं. आतडं फुगलं. जोडातून एक थेंब आला नाही. कॅटगटने धरलं होतं.

मग ती चार बोटं पुढं सरकली. ज्या भागाचा रंग परत येणार होता, तो काळा पडून फुटला होता. भोकातून तिचं बोट सहज आत गेलं. मच्छिंद्रांनी ते पाहिलं आणि सुई ट्रेमध्ये ठेवली.

"सुटला का दोरा?" गिताबाईंनी विचारलं.

"नाही. दोरा चांगला राहिला."

"मंग?"

"इथलं आतडं सडलं."

"सडलं तर तवा दिसलं न्हाई?"

एवढ्यावर थांबता आलं असतं. आजार मोठा होता, तीन दिवस उशीर झाला होता आणि यातलं काहीच खोटं नव्हतं. अनुपमा हातमोजे न काढता उभी राहिली.

"दिसलं होतं," ती म्हणाली. "मामांनी सांगितलंही होतं. मला वाटलं, हा भाग जगेल. माझा अंदाज चुकला. अजून वीतभर कापायला हवं होतं."

सावळारामांनी तोंड फिरवलं. गिताबाई बराच वेळ त्या भोकाकडे बघत राहिल्या.

"चिठ्ठीवर ढकललं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "चिठ्ठीवर राग धरता आला असता."

त्या घरात गेल्या त्या परत बाहेर आल्या नाहीत. खड्डा खणणारी माणसं आली. मच्छिंद्रांनी सामान धुतलं. परतीच्या वाटेवर पारगाव मागं पडलं. मग मच्छिंद्र म्हणाले, "गाय बसत व्हती म्याडम. मी बी तुमच्या जागी असतो तर घाई केली असती." तिने मान हलवली. तिला हे ऐकून बरं वाटलं नाही.

संध्याकाळी तिने सरांना फोन केला.

"मृत्यू कॅटगटच्या रकान्यात जाईल," सर म्हणाले. "पाकीट तेच होतं, त्यामुळे नियमाने तिथेच."

"हो सर. पण कारण मी पूर्ण लिहिते. जोड शाबूत, खराब भाग कमी कापला गेला."

"'कापला गेला' पुरे. त्यापुढे नको."

"शस्त्रक्रिया करणाऱ्याचा निर्णय चुकला, असं लिहिते."

"असं कोणी लिहीत नाही, अनुपमा."

तिने लिहिलं. सरांनी तपासताना ते वाक्य खोडलं नाही. शेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह मात्र काढलं.

बारावी केस तीन आठवड्यांनी पाबळला मिळाली. पृथ्वीराज नावाच्या तरुणाची म्हैस, तोच आजार. अनुपमाने त्याला पाकिटांचं सांगितलं, टाके सुटू शकतात, पोटात पू होऊ शकतो, हे सांगितलं. मग तिने आजवर कधी न सांगितलेलं एक वाक्य जोडलं. "किती कापायचं हे मी डोळ्यांनी ठरवते. त्यात माझी चूक होऊ शकते. मागच्या वेळी झाली होती."

पृथ्वीराजने संमतीचा कागद तिच्या हातात परत दिला. "मग आम्ही दुसरीकडं बघतो, डॉक्टर," तो अगदी नम्रपणे म्हणाला. अर्ध्या तासात म्हैस पिकअपमध्ये चढवली गेली.

"आसं कुणी सांगतं व्हय?" मच्छिंद्र गाडीत बसता बसता म्हणाले. ते खरोखर चिडले होते. "आपण बरं करायला आलो व्हतो का घाबरवायला?"

"सही घेतो ना मामा आपण. कशावर घेतो, हे त्यांना माहीत नको?"

"मला न्हाई पटत."

त्यांना पुढंही पटलं नाही, पण ते येत राहिले. ती प्रत्येक मालकाला ते वाक्य सांगत राहिली. आणखी एक मालक सही न करता जनावर घेऊन गेला. बाकीच्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि सही केली. ऑपरेशन करताना ती आता आतड्याची कड कापून ताजं लाल रक्त वाहतंय का बघायची, आणि मच्छिंद्रांना विचारायची. दोनदा त्यांनी आणखी कापायला सांगितलं आणि तिने कापलं.

मुदत संपली तेव्हा विसाऐवजी अठराच जनावरं झाली होती. दोन दोऱ्यांत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. सरांनी आकडा कमी का पडला, असं विचारलं. तिने कारण सांगितलं.

खोली सोडायच्या आदल्या दिवशी मच्छिंद्र पाबळहून बातमी घेऊन आले. पृथ्वीराजची म्हैस दुसऱ्या डॉक्टरच्या हातून जगली होती आणि दोन्ही वेळचं दूध देत होती. अनुपमाने ते दोनदा विचारून खात्री केली. मग तिने चहा टाकला, आणि दोघं दारात बसून तो प्यायले.